पुलगावचे ग्रहण, कल्याणच्या तबकड्या

२२ जानेवारी १८९८. शके १८१९ ची पौष अमावास्या, वार शनिवार. शनिवारची अमावास्या आणि त्यात खग्रास सूर्यग्रहण. पंचांग पाहून घराची दारे लावून बसण्याचाच हा दिवस. त्या दुपारी वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर मात्र काही माणसे दुर्बिणी आणि कॅमेरे रोखून उघड्यावर उभी होती. पूर्व तीराला पुलगाव, मध्य प्रांतातल्या वर्धा जिल्ह्याचे कापसाचे गाव. नदी ओलांडली की वऱ्हाड, नावाने निजामाचा आणि कारभाराने इंग्रजांचा. तिथे पुलगावच्या शेजारचे स्टेशन तळणी. चंद्राची सावली विजयदुर्गाजवळ कोकण किनाऱ्यावर चढली. करमाळ्याकडचे जेऊर, मग तळणी, पुलगाव, नागपूरचा परिसर, शहडोल, बक्सर असा ईशान्येचा मार्ग धरून ती हिमालयाकडे गेली. या पट्ट्यात जिथे आगगाडी जवळ होती आणि जानेवारीचे आभाळ निरभ्र राहण्याची खात्री होती, तिथे तिथे जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी तळ टाकले होते.

विदर्भाच्या वाट्याला तीन तळ आले. नागपूरजवळ घोगलीला स्कॉटलंडचे राजज्योतिषी राल्फ कोपलँड होते. पुलगावला दोघे जण आले: रॉयल इंजिनिअर्सचे कॅप्टन एडमंड हिल्स आणि केंब्रिजचे ह्यू फ्रँक न्यूऑल. तळणीला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची चौकडी उतरली: ग्रिनिच वेधशाळेचे वॉल्टर माँडर, त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर, सी. थ्वेट्स आणि जॉन एव्हरशेड. ही संस्था मुख्यतः हौशी निरीक्षकांची. तिच्या तळणीच्या तंबूंत जे हाती लागले, त्याचे मोल पुढे सहा-सात वर्षांनी कळायचे होते.

काळ सुखाचा नव्हता. १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांत पोळून निघाला होता. मुंबई-पुण्यात प्लेग होता. आदल्या जूनमध्ये पुण्यात रँडचा वध झाला होता आणि टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. वेदांच्या कालनिर्णयासाठी नक्षत्रांचा आधार घेणारा हा विद्वान गणित शिकला होता केरूनाना छत्र्यांपाशी. केरूनानांनी अठराशे चाळिसाच्या दशकात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केले होते, आणि सूर्यावरचे डाग व इथले हवामान यांचा काही संबंध लागतो का, हा प्रश्न त्यांना पडला होता. पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला हे सायन्स कॉलेजातल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेची उपकरणे घेऊन जेऊरला गेले होते. ग्रहणाचा अभ्यास म्हणजे केवळ साहेबांची सफर होती असे समजण्याचे कारण नाही.

दोन मिनिटांसाठी एवढा खटाटोप का? सूर्याभोवती मोतिया रंगाचे प्रभामंडल असते. सूर्यबिंबापुढे ते इतके फिके असते की एरवी आकाशाच्या उजेडातच बुडून जाते. चंद्राने बिंब पुरते झाकले तरच ते दिसते आणि खग्रास स्थिती संपताच नाहीसे होते. १८९८ साली प्रभामंडल पाहण्याचा दुसरा कोणताही मार्ग माणसापाशी नव्हता. एक निरीक्षक आयुष्यभर ग्रहणांमागे हिंडला तरी त्याच्या वाट्याला प्रभामंडलाची जेमतेम काही मिनिटे येत. म्हणून बोटी, आगगाड्या, तंबू, महिनोन्‌महिन्यांची तालीम. आणि एवढे करून ऐन वेळी ढग आला तर सगळे पाण्यात.

त्या दिवशी ढग आला नाही. पुलगावला हिल्स आणि न्यूऑल यांनी वर्णपटाची छायाचित्रे घेतली. प्रभामंडल सूर्याबरोबर फिरते का, हे त्याच्या दोन बाजूंच्या प्रकाशातल्या सूक्ष्म फरकावरून ताडण्याचा न्यूऑल यांचा बेत होता. हे न्यूऑल ज्या घरातले, त्या घराचा धंदा समुद्राखालच्या तारांचा. अटलांटिकमध्ये टाकलेल्या पहिल्या तारेचा निम्मा भाग त्यांच्या वडिलांच्या कारखान्यात तयार झाला होता. सूर्यावर खळबळ झाली की तारायंत्रे बिघडतात, हे तोवर जगाला ठाऊक झाले होते. पुलगावच्या तंबूत त्या तारांचा वारस सूर्यच तपासत होता.

तळणीला एव्हरशेड यांनी सूर्याच्या कडेचा अतिनील वर्णपट टिपला. पुढे हेच एव्हरशेड १९०७ मध्ये कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत आले. १९०९ मध्ये सौरडागांतून बाहेर वाहणाऱ्या वायूचा शोध त्यांनी तिथे लावला. नायगमवालांची पुण्यातली मोठी दुर्बीणही पुढे १९१२ मध्ये कोडाईकनाललाच गेली.

पण तळणीची खरी कमाई अ‍ॅनी माँडर यांच्या छोट्या कॅमेऱ्यातली. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या या आयरिश बाईंनी ग्रिनिचला महिन्याला चार पौंडांवर आकडेमोडीची नोकरी केली होती. रोज सूर्याचे छायाचित्र घ्यायचे आणि डाग मोजायचे, हे त्यांचे काम. १८९५ मध्ये वॉल्टर यांच्याशी लग्न झाले आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरी नाही या नियमाने ती सुटली. तळणीला त्या आल्या त्या स्वयंसेवक म्हणून. त्यांनी दीड इंची भिंगाचा, लांबचा फिका उजेड टिपणारा कॅमेरा लावला. काच धुतल्यावर तिच्यावर प्रभामंडलाचा एक सरळ, लांबलचक किरण उमटलेला दिसला. सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे चौदापट, म्हणजे जवळजवळ एक कोटी किलोमीटर अंतरापर्यंत तो पोचला होता. इतका लांब किरण तोवर कोणी टिपला नव्हता.

हा किरण महत्त्वाचा का ठरला, हे समजण्यासाठी चाळीस वर्षे मागे जायला हवे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सौरडागांच्या एका समूहावर पांढरा झोत चमकताना पाहिला. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकी वादळ आले. युरोप-अमेरिकेतली तारायंत्रे ठप्प झाली, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या. मुंबईत कुलाबा वेधशाळेत निरीक्षक लोहचुंबकाच्या हालचाली डोळ्यांनी वाचून वहीत आकडे टाकत होते. एरवी दर तासाला, आणि चुंबक बिथरला की थोड्या थोड्या मिनिटांनी. २ सप्टेंबरला त्यांनी क्षितिजसमांतर चुंबकी बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याचे नोंदवून ठेवले. त्या वेळी जगात इतरत्र बहुतेक ठिकाणची उपकरणे मोजपट्टीच्या बाहेर गेली होती. कुलाब्याची वही टिकली. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंह लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी अमेरिकेच्या त्सुरुतानी आणि ब्राझीलच्या गोन्झालेझ यांच्यासह ती नोंद जगापुढे मांडली. आज त्या वादळाची तीव्रता सांगताना मुंबईच्या या नोंदीचाच आधार घेतात.

सूर्य आणि वादळ यांचा संबंध असा दिसत होता, तरी विज्ञानाला तो मान्य नव्हता. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून निकालच देऊन टाकला. त्यांचे गणित असे: सूर्याने चुंबकी लाटा सर्व दिशांना सोडल्या असे धरले, तर एका मध्यम वादळाच्या आठ तासांत त्याला आपल्या चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकी शक्ती खर्च करावी लागेल. हे अशक्य, म्हणून डाग आणि वादळ एकाच वेळी येणे हा योगायोग. केल्व्हिन यांच्या शब्दापुढे बोलण्याची छाती फारशी कोणाला नव्हती.

वॉल्टर माँडर यांनी ग्रिनिचच्या दप्तरातून उत्तर काढले. १८८२ ते १९०३ मधल्या चुंबकी वादळांच्या तारखा त्यांनी मांडल्या आणि त्यांच्या लक्षात आले की वादळे बऱ्याचदा सुमारे सत्तावीस दिवसांनी परत येतात. पृथ्वीवरून पाहता सूर्याचा एक फेराही तेवढ्याच दिवसांचा. १९०४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: सूर्य सगळीकडे काही उधळत नाही; त्याच्या ठरावीक भागांतून अरुंद प्रवाह निघतात. शेतात फिरणाऱ्या तुषार-नळीचा झोत जसा प्रत्येक फेऱ्याला त्याच सरीवर पडतो, तसा हा प्रवाह पृथ्वीवरून जातो. झोत अरुंद म्हटला की केल्व्हिन यांचे गणित आपोआप गळून पडते, कारण सर्व दिशांना शक्ती उधळण्याची गरजच उरत नाही. आणि सूर्यातून असे अरुंद, दूरवर जाणारे काही निघते याला डोळ्यांना दिसणारा दाखला कोणता? अ‍ॅनी यांनी तळणीला टिपलेला तो किरण.

पुढच्या शतकात या चित्रात दुरुस्त्या झाल्या. पुन्हा पुन्हा येणाऱ्या वादळांचा वेगवान सौरवारा प्रभामंडलातल्या विवरांतून येतो, आणि सर्वांत मोठी वादळे सूर्यावरच्या उद्रेकांतून उडालेल्या चुंबकित वायूच्या लोटांमुळे येतात, हे उपग्रहांच्या काळात उलगडले. पण ज्याला आज आपण अवकाश हवामान म्हणतो, त्याच्या पायाभरणीतला एक दगड वर्धा नदीकाठचा आहे, हे नक्की.

१८९८ च्या ग्रहणात आणखी एक गोष्ट झाली. प्रभामंडलाच्या वर्णपटात एक हिरवी रेघ दिसते. तिची तरंगलांबी तोवर चुकीची धरली जात होती. भारतातल्या तळांवरून ती नीट मोजली गेली. पृथ्वीवरच्या कोणत्याच मूलद्रव्याशी ती जुळत नव्हती, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचे नवे मूलद्रव्य आधीच कल्पिले गेले होते. चाळीसेक वर्षांनी ग्रोट्रियान आणि एडलेन या शास्त्रज्ञांनी कोडे सोडवले. ती रेघ साध्या लोखंडाची होती, मात्र तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. लोखंडाची अशी अवस्था व्हायला दहा लाख अंशांहून अधिक तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आत आणि त्याच्या वरचे विरळ प्रभामंडल दहा लाखांच्या पुढे!

इतका तापलेला वायू रेडिओ लहरीही सोडणारच. त्या कोणी ऐकल्या? फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटनच्या रडारांवर एकाएकी गोंगाट सुरू झाला. जर्मनांनी रडार जाम केले, असा पहिला संशय. जेम्स हे या शास्त्रज्ञाने दिशा तपासली तेव्हा गोंगाट सूर्याकडून येत होता, आणि सूर्यावर त्या वेळी मोठा डाग होता. युद्धामुळे ही गोष्ट काही वर्षे गुप्त राहिली. युद्ध संपल्यावर रडारची यंत्रे आणि माणसे मोकळी झाली. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ त्यांनी सूर्याचा रेडिओ-अभ्यास सुरू केला. तिथल्या पॉट्स हिल केंद्रावर काम करणाऱ्या रूबी पेन-स्कॉट या जगातल्या पहिल्या स्त्री रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी लग्न लपवले होते, आणि ते उघड झाल्यावर १९५० मध्ये त्यांची कायम नोकरी गेली. ग्रिनिच ते सिडनी, पन्नास-पंचावन्न वर्षांचे अंतर पडले. नियम तोच राहिला.

रेडिओने नेमके काय बदलले? एक, प्रभामंडल पाहायला ग्रहणाची गरज उरली नाही. रेडिओ लहरींत सूर्याचा पृष्ठभाग डोळे दिपवत नाही. मीटरभर लांबीच्या लहरी तर थेट प्रभामंडलातूनच येतात. दोन, ढग, धूळ, पावसाळा यांची आडकाठी संपली. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, उद्रेकाचा वेग कळू लागला. उद्रेकाची धक्कालहर सूर्यापासून वर वर, विरळ वायूत जाऊ लागली की तिच्या रेडिओ लहरींची वारंवारता उतरत जाते. ती किती झपाट्याने उतरते यावरून धक्क्याचा वेग काढता येतो: सेकंदाला कित्येक शे, कधी हजाराहून अधिक किलोमीटर. रेडिओ लहर आठ-सव्वाआठ मिनिटांत पृथ्वीवर पोचते, तर वायूचा लोट यायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात. हे मधले दिवस म्हणजे सावध होण्याची मुदत.

पॉट्स हिललाच १९५३ मध्ये कोलंबो योजनेखाली एक तरुण भारतीय आला, गोविंद स्वरूप. तिथे ख्रिस क्रिस्टिअन्सन यांनी सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या एका ओळीत लावून सूर्याची रेडिओ-चित्रे काढली होती. पुढे हा संच मोडीत निघणार असे दिसताच तो भारताला मिळावा म्हणून स्वरूप यांनी प्रयत्न केले. ऑस्ट्रेलियाने तबकड्या भेट दिल्या. त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत येऊन पडल्या आणि कित्येक वर्षे तशाच राहिल्या. १९६१ मध्ये स्वरूप, टी. कृष्णन, मुकुल कुंडू आणि टी. के. मेनन या परदेशांतल्या चौघांनी मायदेशी रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारण्याचा प्रस्ताव पाठवला. होमी भाभांनी तो उचलला. १९६३ मध्ये स्वरूप टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले आणि तबकड्या मुंबईजवळ कल्याणला आणल्या गेल्या.

१९६५ मध्ये भारतातली पहिली आधुनिक रेडिओ दुर्बीण कल्याणला सुरू झाली. पूर्व-पश्चिम ६३० मीटर लांबीत २४ तबकड्या आणि दक्षिणोत्तर २५६ मीटरांत ८, वारंवारता ६१० मेगाहर्ट्झ, म्हणजे सुमारे ४९ सेंटिमीटरची लहर. सगळ्या तबकड्यांनी पकडलेल्या लहरी एकत्र केल्या की आकाशात अरुंद पट्ट्यासारखी नजर तयार होते. पृथ्वी फिरते तसा सूर्य त्या पट्ट्यातून सरकतो आणि त्याच्या एकेका कापाची मापे मिळतात. सौरडागांचे चक्र तेव्हा तळाला होते, त्यामुळे शांत सूर्य न्याहाळण्याची संधी मिळाली. प्रभामंडल सुमारे दहा लाख अंशांचे आहे आणि या लहरींत सूर्याची कड मध्यापेक्षा उजळ दिसते, हे कल्याणच्या वेधांनी दाखवले. १८९८ च्या हिरव्या रेघेतून जे तापमान पुढे ओळखले गेले, ते आता महाराष्ट्रातच, ग्रहणाशिवाय, रोज मोजता येत होते. विजय कपाही यांच्यासारखी विशी-पंचविशीतली मुले इथे शिकून तयार झाली.

कल्याणचे आयुष्य थोडे होते. तीनेक वर्षांत गटाचे लक्ष मोठ्या कामाकडे वळले. १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद दुर्बीण उभी राहिली. ती खास सूर्यासाठी नव्हती, पण अवकाश हवामानाला तिचा वेगळाच उपयोग झाला. दूरच्या रेडिओ-स्रोतांकडून येणाऱ्या लहरी वाटेत सौरवाऱ्यातून जाताना लुकलुकतात. ते लुकलुकणे मोजले की सूर्य-पृथ्वीमधल्या वाऱ्याचा वेग आणि दाटपणा काढता येतो. पी. के. मनोहरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उटीहून असे वेध वर्षानुवर्षे घेतले. कर्नाटकात गौरीबिदनूरला भारतीय ताराभौतिकी संस्थेची सूर्याचे रेडिओ-चित्र काढणारी दुर्बीण १९९७ पासून चालते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदची महाकाय मीटरतरंग दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, हीही स्वरूप यांचीच निर्मिती. विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यांसाठी बांधलेली असली तरी तिने सूर्यही पाहिला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या आदित्य-एल१ यानावर सूर्याची अतिनील चित्रे घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुकात तयार झाली.

यान गेले म्हणून जमिनीवरचा पहारा उठवता येत नाही. यानावर मोठी तबकडी नेता येत नाही आणि ते बिघडले तर दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही. जमिनीवरची दुर्बीण पन्नास वर्षे चालते, दुरुस्त होते, बदलता येते. अडचण एकच: सूर्य मावळला की तिचे काम थांबते. म्हणून जगभर, वेगवेगळ्या रेखांशांवर दुर्बिणी हव्यात. स्वित्झर्लंडचे क्रिस्तिआन मोनश्टाइन यांनी बनवलेला कॅलिस्टो हा स्वस्त रेडिओ-ग्राहक याच कामासाठी अनेक देशांत बसला आहे. भारतातही उटी आणि गौरीबिदनूरला तो आहे, आणि त्याच्या नोंदी कोणालाही मोफत पाहता येतात.

या पहाऱ्याची गरज आता पुस्तकी राहिलेली नाही. १३ मार्च १९८९ रोजी सौर वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज घालवली. साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका साध्याशा वादळाने स्टारलिंकच्या नव्या ४९ उपग्रहांपैकी बहुतेक पाडले. मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानले इथे आकाश लाल झालेले कॅमेऱ्यांनी टिपले. चुंबकी विषुववृत्ताजवळ असल्यामुळे महाराष्ट्राच्या विजेच्या तारांना क्वेबेकइतका धोका नाही, पण उपग्रहांवरची घड्याळे, नकाशे, विमानांचे रेडिओ यांवर आपणही तितकेच अवलंबून आहोत. आणि ज्या पुलगावला हिल्स-न्यूऑल यांनी तंबू ठोकले, त्याच देवळी तालुक्यात आज देशाच्या वीजजाळ्यातले ७६५ किलोव्होल्टचे उपकेंद्र उभे आहे.

विदर्भातल्या विज्ञान आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. कॅलिस्टोसारखा ग्राहक, एक साधा अँटेना, एक संगणक आणि मोबाइलच्या गोंगाटापासून दूर असलेला शेताचा तुकडा एवढ्यावर सूर्याचे उद्रेक रोज नोंदता येतात. पदवीच्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले हे काम आहे. कुलाब्याची वही दीडशे वर्षांनी उपयोगी पडली, कारण तिथल्या माणसांनी नेमाने आकडे टाकले. वर्धा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने तशी वही आजपासून सुरू करावी.